झोपेची पुडी

‘‘झोप लागत नाही हो. काहीतरी सुचवा ना. पण गोळी नको, आयुर्वेदिकच सांगा, म्हणजे साइड इफेक्टचा प्रश्न नाही.’’

औषधी वनस्पतींवर चार लेख लिहिलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका ते बोलतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या ते सातव्या मजल्यादरम्यान ते ऐकू येतं, आणि हल्ली तिशीतली मुलंमुलीही विचारतात. त्यांच्या फोनमध्ये तर एखाद्या डबीचा फोटो आधीच काढलेला असतो. विचारणाऱ्याला हवं असतं एक नाव आणि एक मात्रा. तेवढं सांगायला दोन वाक्यं पुरतात, पुस्तक लागत नाही. पुस्तक लागलं ते त्या प्रश्नाच्या शेपटामुळे.

शरीरावर जी वस्तू काही काम करते, ती नको ते कामही कधीतरी करू शकते. जी कुठल्याही मात्रेत कुणालाच कधी बाधत नाही, ती बहुधा गुणही देत नसते. ही साधी गोष्ट आपण डोकेदुखीच्या गोळीला लावतो, चूर्णाला लावत नाही. झोपेच्या बाबतीत तर अजिबातच नाही, कारण झोपेसाठीच्या वस्तू आपल्याकडे स्वयंपाकघरातून येतात, आणि स्वयंपाकघरातल्या डब्याला भ्यायची आपल्याला सवय नाही.

जायफळच घ्या. मराठी घरात झोपेचा विषय निघाला की पहिला हात तिथे जातो. पुरणात, श्रीखंडात, बासुंदीत ते असतंच, आणि बाळगुटीच्या डब्यातही हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, ज्येष्ठमध, सुंठ, खारीक, बदाम यांच्या पंगतीत त्याची जागा ठरलेली असते. गुटी उगाळताना ज्यांनी नीट पाहिलं आहे त्यांना आठवेल: सहाणेवर दुधाचे चार थेंब, त्यावर जायफळाची चपटी झालेली बाजू टेकवून एक वळसा, फार तर दोन. दगडावर तपकिरी, तेलकट चकाकीची रेघ उमटते. ती बोटाने निपटून चमच्यात घ्यायची आणि लगेच पुढच्या मुळीकडे वळायचं. बाळ जरा किरकिरं असेल तर ‘आज अर्धा वळसा जास्त दे’ असं म्हणणारी आजी असायची, पण ‘तीन वळसे दे’ म्हणणारी नसायची. वळसा हे माप होतं. ग्रॅम-मिलिग्रॅमइतकंच काटेकोर नसेल, पण हाताला पक्कं माहीत असलेलं. त्याच जायफळातून एका वळशात उतरतं ते चिमटीतही येणार नाही इतकं.

आता हे वाचून गुटी सुरू करायची असेल तर थांबा. बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काहीही देऊ नका म्हणतात आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. त्या डब्यातल्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. ती बंदी गुटीच्या वळशापुढे अवाजवी वाटेलही. वाटू दे. तान्ह्या बाळावर कुणी पैज लावू नये.

जायफळाकडे परत येतो. एक अख्खं जायफळ पाच ग्रॅमच्या आसपास भरतं, थोडं इकडे-तिकडे. विषबाधेच्या नोंदवलेल्या बऱ्याच प्रकरणांत खाल्लेली मात्रा साधारण तेवढीच किंवा त्याहून जास्त आहे. तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडतं, मळमळतं, भोवळ येते, काहींना भास होतात. जायफळाच्या तेलातल्या मायरिस्टिसिन आणि एलेमिसिन या द्रव्यांकडे संशयाची सुई जाते. फसगत अशी, की हा सगळा तमाशा सुरू व्हायला तीन ते आठ तास लागतात. अर्धा चमचा पूड दुधातून घेतली, तासाभरात काही झालं नाही, म्हणून आणखी एक चमचा घेतला, असं करणारा माणूस मध्यरात्री धडधडत्या छातीने उठून बसतो. एका टोकाला सहाणेवरचा वळसा आणि दुसऱ्या टोकाला इस्पितळाची खाट, दोन्हीकडे फळ तेच.

मग वळशाने झोप येते का? प्राण्यांवरच्या प्रयोगांत जायफळाच्या अर्काने गुंगीच्या औषधाची झोप लांबते असं दिसलं आहे. माणसांवरचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. पुरणपोळीच्या जेवणानंतर येणारी पेंग आपण खुशाल जायफळाच्या खात्यावर जमा करतो. चार पोळ्या, वर तुपाची धार आणि वाटीभर कटाची आमटी पोटात गेल्यावर जायफळाला करायला काही उरतच नाही, हे कुणी बोलत नाही.

या फळाचं मूळ गाव इंडोनेशियातली बांदा बेटं. त्यांच्यासाठी युरोपीय व्यापारी कंपन्यांनी सांडलेल्या रक्ताची कथा पुष्कळदा सांगून झाली आहे, ती मी सोडली आहे. कोकणातली गोष्ट मात्र पुढे सविस्तर दिली आहे, कारण ती मराठीत कमी लिहिली गेली. नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ छान येतं. अडचण एकच: झाडं नर आणि मादी वेगळी. बी लावून रोप वाढवलं तर फुलायला सहा-आठ वर्षं जातात आणि तेव्हा कळतं की जोपासलेलं झाड नर आहे, फळ कधीच देणार नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्या, कलमं हाताशी आली, तेव्हा कुठे वाडीवाल्यांचा हा जुगार संपला. पिकलेलं फळ झाडावरच उकलतं आणि आतल्या काळपट बीभोवती लालभडक जाळीदार जायपत्री दिसते. विकत घेताना जायफळ हातात जड लागलं पाहिजे. सुई टोचून पाहा, बारीक तेल वर येतं. हलकं आणि भोकं पडलेलं असेल तर आत किड्याने आधीच मेजवानी उरकलेली असते.

झोपेसाठी काय घ्यावं याचा आपल्याकडचा जुना आणि जाणता विचार चरकसंहितेत आहे. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला झोपेलाही तिथे शरीराच्या तीन आधारांपैकी एक मानलं आहे. कुठल्या कामाला कोणती वस्तू सर्वांत चांगली, अशी एक लांबलचक यादी सूत्रस्थानात येते. झोप आणण्यासाठी तिथे म्हशीच्या दुधाचा मान आहे. गायीच्या दुधाचे गोडवे गाणाऱ्या आजच्या काळात म्हशीला मिळालेला हा मान मला फार आवडतो. पण झोप न येणाऱ्यासाठी चरक जे उपाय सांगतो त्यांत पोटात घ्यायच्या गोष्टी निम्म्याच आहेत. उरलेल्यांत अंगाला तेल लावणं, उटणं, स्नान, अंग दाबून घेणं, डोक्याला आणि चेहऱ्याला लेप, आवडता सुगंध, मनाला रुचेल असं गाणं, मऊ अंथरूण, सुखाची खोली आणि ठरलेली वेळ. त्यातलं डबीत भरता येण्यासारखं तेवढं आपण उचललं. बाकीचं विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही.

दुधाबद्दल हल्ली एक शास्त्रीय वाटणारं वाक्य सगळीकडे फिरतं: दुधात ट्रिप्टोफॅन असतं, त्यापासून सेरोटोनिन बनतं, सेरोटोनिनपासून मेलाटोनिन, म्हणून झोप येते. एकेक पायरी बरोबर आहे. फक्त पेलाभर दुधातलं ट्रिप्टोफॅन फार थोडं असतं, आणि मेंदूत शिरण्यासाठी त्याला दुधातल्याच इतर अमिनो आम्लांशी धक्काबुक्की करावी लागते. तरी कोमट दूध घेऊन माणसं झोपतात हेही खोटं नाही. पेला हातात आला म्हणजे दिवस संपला, टीव्ही बंद झाला, आता कुणी काही मागणार नाही, हे शरीराला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं. निद्रानाशाच्या औषधांच्या चाचण्यांत नकली गोळी घेणाऱ्यांनाही बऱ्यापैकी फरक पडतो, हे संशोधकांची डोकेदुखी म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणून रोजच्या दुधात चिमटीभर जायफळ घालून शांत झोपणाऱ्या माणसाला ‘यात काही तथ्य नाही’ असं सांगायला मी जात नाही. त्याला गुण येतो. तो कुठून येतो याबद्दल मी त्याच्याशी भांडलो, तर त्याची एक रात्र फुकट जाईल, एवढंच.

इथवर सगळं सौम्य होतं. आता अफू.

खसखस ही अफूच्या बोंडातलीच बी. बीत गुंगीची द्रव्यं जवळजवळ नसतात. बोंडाचा चीक लागला तर लागतील तेवढीच. आपला अंमली पदार्थांचा 1985 चा कायदा खसखशीला हात लावत नाही. अफूची परवान्याची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते, महाराष्ट्रात नाही. पण संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत खसखस नेणंही गुन्हा आहे, आणि अनारशाला खसखस लागते. दिवाळीचा फराळ घेऊन दुबईला मुलाकडे निघालेल्यांनी या एका ओळीपायी पुस्तकाचे पैसे वसूल झाले असं समजावं.

अफूचं दुसरं मराठी रूप इतकं निरागस नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची बारीक गोळी देऊन पाळीला जात. तिला बाळागोळी म्हणत. 1920 च्या दशकातल्या कामगारविषयक पाहण्यांत तिचे उल्लेख वारंवार येतात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पोर दिवसभर निपचित पडून राहायचं, संध्याकाळी आई परतायची. पोरं वाढत नसत, भूक मरायची, काही उठतच नसत. त्या आयांना अडाणी ठरवणं सोपं आहे. पाळणाघर नव्हतं, बाळंतपणाची पगारी रजा नव्हती. मुंबई इलाख्यात प्रसूतीविषयक कायदा झाला तो 1929 मध्ये. झोपेचं औषध कुणाला आणि कशासाठी लागतं, हा प्रश्न मला या गोळीपाशी पहिल्यांदा नीट पडला. आणि ही गोळी रसायनशाळेतली नव्हती. ती शंभर टक्के नैसर्गिक होती.

या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण सर्पगंधेचं आहे. कारण झोप आणणारी देशी मुळी खरोखर प्रभावी असेल तर पुढे काय होतं, याची पूर्ण कहाणी तिच्यात आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अंक मुंबईत घडला. बिहारकडे ही मुळी वेडाची दवा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असा लेख लिहिला. त्याच सुमारास सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून अल्कलॉइडं वेगळी काढली. पण जगाचं लक्ष गेलं ते 1949 मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव छापले तेव्हा. वैद्याच्या पुडीतली मुळी त्यांनी रक्तदाबाच्या यंत्रासमोर बसवली, आकडे लिहिले, रुग्ण शांत होतात आणि त्यांना झोप येते हेही लिहिलं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातलं मुख्य द्रव्य, रेसरपीन, वेगळं केलं. 1954 मध्ये न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन ते मनोरुग्णालयात वापरत होते. 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

मग हिशेबाची दुसरी बाजू पुढे आली. रेसरपीन घेणाऱ्या काहींना खोल उदासी येऊ लागली. नाक चोंदणं, सुस्ती, नाडी मंदावणं हे तर होतंच. हे द्रव्य मेंदूतले सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिनचे साठे रिकामे करतं असं दिसलं, आणि नैराश्यामागे याच रसायनांची कमतरता असावी हा पुढे दशकानुदशकं गाजलेला सिद्धान्त उभा राहायला त्याने मोठा हातभार लावला. रेसरपीनमुळे नैराश्य खरंच किती येतं यावर आज वाद आहे. पण पुढे नवी औषधं आली आणि ते मागे पडलं. मुळीसाठी जंगलं इतकी खणली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

तिची गोळी, सर्पगंधा घनवटी, आजही दुकानात मिळते. प्रचलित पाठात सर्पगंधेसोबत खुरासानी ओवा, जटामांसी, भांग आणि पिंपळमूळ येतं. यातला खुरासानी ओवा नावाने ओवा असला तरी धोत्र्याच्या कुळातला, त्याच जातीची अल्कलॉइडं बाळगणारा. तो आणि भांग, दोघेही औषध कायद्याच्या अनुसूची ई-1 मध्ये, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. जाणता वैद्य ही गोळी नाडी पाहून, रक्तदाब पाहून, मोजके दिवस देतो. ब्लडप्रेशरची गोळी आधीच चालू असलेल्या आजोबांना शेजाऱ्याने ‘घ्या हो, आयुर्वेदिक आहे’ म्हणून दिलेली घनवटी ही वेगळीच गोष्ट झाली. पहाटे बाथरूमला उठताना तोल जाऊन पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात काय काय गोळ्या होत्या, हे एकदा विचारून पाहावं.

बाजारात आज चलती आहे ती अश्वगंधेची. राजस्थानातली नागोरी अश्वगंधा नावाजलेली. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर भागात ती मोठ्या प्रमाणावर पिकते. नीमचच्या मंडीत मुळ्या जाडी-लांबीप्रमाणे निवडून ढीग लागतात. जाड, ठिसूळ, आतून पांढरी मुळी भाव खाते. झोपेसाठी हिचा पुरावा जायफळापेक्षा खूपच बरा आहे हे मोकळेपणाने सांगतो. 2021 मध्ये पाच चाचण्या आणि 400 माणसं एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात झोपेत लहानसा पण खरा फरक दिसला. तो दिवसाला 600 मिलिग्रॅम किंवा जास्त अर्क आणि किमान आठ आठवडे घेणाऱ्यांत, आणि मुळात निद्रानाश असलेल्यांत अधिक होता. म्हणजे आज रात्री घेऊन आज झोपायची ही वस्तू नाही. शिवाय हे आकडे प्रमाणित अर्काचे आहेत, डब्यातल्या चमचाभर चूर्णाला ते तसेच लावता येत नाहीत.

आणि हिचेही साइड इफेक्ट आहेत. आइसलंड आणि अमेरिकेतल्या पाच जणांना अश्वगंधेनंतर कावीळ झाल्याचं 2020 मध्ये छापून आलं; पाचही जण बरे झाले. थायरॉइडच्या संप्रेरकांची पातळी तिने वाढू शकते, त्यामुळे थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी परस्पर सुरू करू नये. गरोदरपणात तर नकोच. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर सरळ बंदी घातली. आपल्याकडे त्यावर संताप व्यक्त झाला, आणि डेन्मार्कच्या अहवालातले काही निष्कर्ष ताणलेले आहेत हेही खरं. पण आपल्याच आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका असं बजावलं होतं, ते संतापलेल्यांपैकी किती जणांना माहीत होतं? परंपरा आहे ती मुळीची. पान स्वस्त, आणि त्याच्यातून अर्काचा आकडा झटकन गाठता येतो. डबीवर ‘मूळ’ हा शब्द आहे का, तेवढं चष्मा लावून पाहा.

चष्म्यावरून कायद्याकडे येतो. एकच अश्वगंधा दुकानात दोन वेगळ्या कायद्यांच्या छायेत उभी असते. एका बाटलीवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक असतो, 1940 च्या औषध कायद्याखालचा. शेजारच्या रंगीत डबीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक असतो आणि बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे औषधी वापरासाठी नाही. ठळक अक्षरात मात्र चंद्र, चांदण्या आणि गाढ झोपेचं आश्वासन. दोन्ही क्रमांक खरे, दोन्ही कंपन्या कायद्यात बसतात. गिऱ्हाइकाला हा फरक कळावा अशी कुणाची फारशी इच्छा दिसत नाही.

जटामांसीबद्दल थोडंच. दिवाळीच्या उटण्यात जो ओलसर, मातकट, थोडा उग्र वास येतो त्यात तिचा वाटा असतो. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवते, मुळासकट उपटावी लागते, आणि आज ती नष्ट होण्याच्या कड्यावर आहे. झोपेसाठी तिचा पुरावा कच्चा, बाजारात भेसळ भरपूर. उटण्यातून वर्षाला चिमूटभर लागते तेवढी लागू दे. काढा करून पिण्याची शिफारस मी करणार नाही. तिची युरोपीय बहीण व्हॅलेरियन हिला अमेरिकेच्या निद्राविज्ञान अकादमीने 2017 च्या मार्गदर्शनात जुनाट निद्रानाशासाठी वापरू नका असं सुचवलं, आणि त्याच दमात मेलाटोनिनलाही नकार दिला.

हे अनेकांना धक्कादायक वाटतं, कारण मेलाटोनिन म्हणजे तर शरीराचंच. 1958 मध्ये येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी ते गायीगुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून वेगळं केलं. अंधार पडला की ही ग्रंथी ते रक्तात सोडते. ते झोप आणतं म्हणण्यापेक्षा रात्र झाली अशी दवंडी पिटतं म्हणणं जास्त बरोबर. म्हणूनच घड्याळ चुकलेल्या माणसाला त्याचा उपयोग होतो आणि चिंतेने जागणाऱ्याला फारसा होत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलेल्या आईवडिलांची पहिली आठवडाभराची रात्र-दिवसाची उलटापालट, हे त्याचं खरं क्षेत्र. पाच किंवा जास्त कालपट्टे ओलांडणाऱ्यांना, तिथल्या झोपेच्या वेळी घेतल्यास, अर्ध्यापासून पाच मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पुरते असं परीक्षणात दिसलं आहे. येताना मात्र तीच मंडळी दहा-दहा मिलिग्रॅमच्या गमीजच्या बरण्या वाटायला आणतात. अमेरिकेत 2023 मध्ये अशा 25 गमीज तपासल्या, तर 22 मधला आकडा डबीवरच्या आकड्याशी जुळेना. एकीत मेलाटोनिनच नव्हतं आणि एकीत सांगितल्याच्या साडेतीनपटीच्या जवळ होतं. गोड, रंगीत आणि अस्वलाच्या आकाराची ही वस्तू नातवंडांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, एवढं तरी ऐका.

मॅग्नेशियम, एल-थिअनिन, कॅमोमाईलचा चहा यांना पुढे दोन-दोन पानं दिली आहेत. त्याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

त्यापेक्षा आपल्या नेहमीच्या चहाला जास्त जागा दिली. वामकुक्षी झाली, साडेपाचला आल्याचा चहा झाला, सातला कुणी आलं म्हणून पुन्हा अर्धा कप झाला, आणि अकराला डोळा लागत नाही म्हणून अश्वगंधा. कॅफिन निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात, काहींना सात. एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या भरपूर कॅफिनने तासाभराहून जास्त झोप खाल्ली, आणि तेवढी गेली आहे हे खुद्द झोपणाऱ्यांना नीट जाणवलंही नाही. संध्याकाळचा चहा सोडा म्हटलं की पंगतीतले काका माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, तिच्यापेक्षा त्यांना पुडी देणं सोपं जातं हे मान्य आहे.

काहींनी हे पुस्तक बंद करून आधी डॉक्टर गाठावा. जोरात घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागणारे: त्यांना झोप कमी पडत नाही, श्वास कमी पडतो, आणि गुंगी आणणारी कुठलीही वस्तू, मग ती मुळी असो की गोळी, त्यांचं दुखणं वाढवते. पहाटे तीन-चारला जाग येऊन जगणं नकोसं वाटणारे. आठवड्यातून तीन-चार रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ जागणारे. या शेवटच्यांसाठी जगभरचे तज्ज्ञ पहिला उपाय सांगतात तो औषध नव्हेच, तर झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती बदलणारी काही आठवड्यांची उपचारपद्धती. तिचा मराठीत परिचय करून देणारं एक प्रकरण शेवटी जोडलं आहे.

त्या प्रकरणानंतर एक पान कोरं आहे. दवाखान्यात ‘सध्या काय काय घेता’ विचारलं की आपण फक्त गोळ्यांची नावं सांगतो; काढा, चूर्ण, गमी, शेजाऱ्याची पुडी या गोष्टी आपल्या लेखी घेण्यात मोडत नाहीत. त्या सगळ्या या पानावर लिहाव्यात, मात्रेसकट आणि वेळेसकट, आणि पान फाडून सोबत न्यावं. छपाईत एक पान वाया जातं अशी प्रकाशकांची तक्रार होती. त्याच्या कडेला फाडायची टिंबरेघ मी मागून घेतली आहे.